पाचव्या परिच्छेदातली बातमी

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतल्या ज्या दालनात प्राध्यापकांच्या मुलाखती होतात, तिथे बहुधा एक लांबलचक टेबल असते, त्याच्या एका टोकाला उमेदवारासाठी एकच खुर्ची असते आणि तिच्यासमोर झाकून ठेवलेला पाण्याचा पेला असतो. दिवसभरात त्या पेल्याला कोणी हात लावत नाही. मी त्या खुर्चीत एकदाच बसले आहे. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, वृत्तपत्रविद्या आणि संज्ञापन या विषयाची तज्ज्ञ म्हणून, बरेचदा.

माझ्या मुलाखतीला, १९९६ साली, मी कात्रणांची फाईल घेऊन गेले होते. एका दैनिकातली सात वर्षांची उपसंपादकी तेव्हा पाठीशी होती. कात्रणे पांढऱ्या कागदांवर डिंकाने चिकटवलेली, प्रत्येकाच्या कोपऱ्यात तारीख, आणि जिथे डिंक लागला होता तिथे कागद पिवळा पडून कडक झालेला. समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी फाईल उघडली, चार पाने उलटली आणि अगदी सौजन्याने विचारले, ‘यातलं संशोधन कुठलं?’ मला उत्तर सुचले नाही. पुढे माझी निवड झाली, पण ती फाईलमुळे नव्हे. मी नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होते आणि त्या वर्षी पात्र अर्जच तीन आले होते. फाईल अजून माझ्या कपाटात आहे. तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर प्रत्येक निवड समितीत येऊन बसतो.

मध्यंतरी एका विद्यापीठात सहायक प्राध्यापकाच्या एका जागेसाठी मला बोलावले होते. विभागाचे आणि विद्यापीठाचे नाव इथे महत्त्वाचे नाही, कारण असे विभाग सगळीकडे आहेत: मंजूर पदे मोजकी, त्यातली निम्मी रिकामी, आणि उरलेला गाडा तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी ओढलेला. एखादे पद निवृत्तीने रिकामे झाले की ते भरेपर्यंत काय काय घडते, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही खरे वाटत नाही. आरक्षणाची बिंदुनामावली तपासून घ्यायची, पद कोणत्या प्रवर्गात जाते ते ठरवून घ्यायचे, शासनाची भरतीला मान्यता येण्याची वाट पाहायची, मग जाहिरात, मग छाननी, मग कुठेतरी एक हरकत आणि पुन्हा छाननी. या काळात विद्यार्थ्यांच्या दोन-तीन तुकड्या पदव्या घेऊन निघून जातात. त्यांना शिकवणाऱ्याला तासांवर पैसे मिळतात, तेही वेळेवर नाहीत. उन्हाळी सुट्टी ही त्याच्या दृष्टीने बिनपगारी बेकारी असते आणि जूनमध्ये पुन्हा नव्याने अर्ज करावा लागतो. नियमित सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. एकाच वर्गात, एकाच फळ्यासमोर, लागोपाठच्या दोन तासांना उभ्या राहणाऱ्या दोन माणसांमध्ये किती अंतर असू शकते, हे शिक्षक दालनात दुपारचे डबे उघडले की कळते.

त्या दिवशी अकरा उमेदवार होते. समिती नियमाप्रमाणे भरलेली होती: अध्यक्षस्थानी कुलगुरू, कुलपतींनी नेमलेले एक प्राध्यापक, आम्ही बाहेरून आलेले तीन विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता, विभागप्रमुख, आणि मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला व दिव्यांग यांच्या प्रतिनिधित्वासाठी असलेल्या एक सदस्य. प्रत्येकासमोर एक तक्ता ठेवला होता. तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतला गुणतक्ता. मला तो एव्हाना पाढ्यांसारखा पाठ झाला आहे. पदवीला जास्तीत जास्त १५ गुण, पदव्युत्तर पदवीला २५, पीएचडीला ३०, नेटबरोबर कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती असेल तर ७, नुसती नेट असेल तर ५, राज्यस्तरीय सेट असेल तर ३, शोधनिबंधांना प्रत्येकी २ या हिशेबाने १०, अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला २ या हिशेबाने १०, आणि पुरस्कारांना ३. बेरीज शंभर. या तक्त्यात वृत्तपत्रात, आकाशवाणीवर, वाहिनीत किंवा जाहिरात संस्थेत काढलेल्या वर्षांना रकानाच नाही. शून्य गुणही नाहीत, कारण शून्य द्यायलासुद्धा रकाना लागतो.

नियमावली असेही सांगते की हे गुण केवळ कोणाला बोलवायचे ते ठरवण्यापुरते आहेत आणि निवड मुलाखतीवरच व्हावी. प्रत्यक्षात मात्र तक्ता उतरत्या क्रमाने छापलेला असतो, दिवसभर डोळ्यांसमोर असतो, आणि अकराव्या क्रमांकाचा उमेदवार आत येतो तेव्हा तो अकरावा आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असते. इथे मला नेहमी बाळशास्त्री जांभेकर आठवतात. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ सुरू केले तेव्हा ते जेमतेम विशीत होते, आणि १८३४ साली ते एल्फिन्स्टन कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर झाले. मराठीतला पहिला संपादक हा वर्गात शिकवणाराही होता, आणि दोन्ही कामे एकाच माणसाने करण्यात तेव्हा कोणाला वावगे वाटले नाही. अर्थात ते शिकवत होते गणित आणि शास्त्रे, वृत्तपत्रविद्या नव्हे, तेव्हा ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही.

तक्त्यात पहिल्या क्रमांकावर असलेल्या उमेदवाराला ९१ गुण होते. पदवी आणि पदव्युत्तर पदवी दोन्ही प्रथम श्रेणीत, पीएचडी, नेट, पाचांहून अधिक शोधनिबंध, सहा वर्षे अध्यापन. अशी कागदपत्रे पाहिली की मी आधी जरा सावध होते, हे कबूल करते. शोधनिबंधांना गुण मिळू लागल्यापासून शोधनिबंध छापण्याचाच एक व्यवसाय उभा राहिला. २०१८ साली आयोगाला स्वतःच्याच मान्य यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके एका फटक्यात काढून टाकावी लागली होती. ‘समाजमाध्यमांचा तरुणांवर होणारा परिणाम’ या विषयावर शंभर जणांना प्रश्नावली वाटून ‘परिणाम होतो’ असा निष्कर्ष काढणारे इतके निबंध मी वाचले आहेत की शीर्षक दिसताच हात आपोआप शेवटच्या पानाकडे जातो. तेव्हा हे गृहस्थ आत आले तेव्हा माझी अपेक्षा बेताचीच होती.

प्रत्येक उमेदवाराला दहा मिनिटे पाठ घ्यायला सांगितले होते आणि विषय सर्वांना एकच दिला होता: विकास संज्ञापन, म्हणजे विकासाच्या कामासाठी माध्यमांचा वापर. त्यांच्याआधीच्या तिघांनी फळ्यावर व्याख्या लिहिली, श्रॅम आणि रॉजर्स या अमेरिकी अभ्यासकांची नावे लिहिली, बाण काढले. एकाने तर प्रेषक, संदेश, माध्यम आणि ग्राहक या चार चौकटी इतक्या प्रेमाने काढल्या की दहातली चार मिनिटे त्यातच गेली. या गृहस्थांनी फळ्यावर काहीच लिहिले नाही. त्यांनी सांगायला सुरुवात केली ती १९५६ सालच्या फेब्रुवारीपासून. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत, पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर इथे, सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापन केली होती. एका रेडिओभोवती पंधरा-वीस माणसे बसायची, कार्यक्रम ऐकायची, तो संपला की त्यावर आपसांत चर्चा करायची आणि त्यातून निघालेले प्रश्न केंद्राकडे पाठवायची. त्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरे मिळायची. असे वीस कार्यक्रम झाले. कल्पना मूळ कॅनडातली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली, आणि ती करताना मंडळ असलेल्या गावांची तुलना मंडळ नसलेल्या गावांशी केली: त्यातल्या काहींत रेडिओ होता, काहींत तोही नव्हता. ‘नुसता रेडिओ असून उपयोग नव्हता,’ ते म्हणाले, ‘ऐकल्यावर बोलायला माणसं जमली, तिथे फरक पडला. आता मला सांगा, तुमच्या गावाच्या व्हॉट्सॲप गटात ऐकल्यावर बोलतात, की बोलल्यावर ऐकतात?’

दालनात क्षणभर कोणी काही बोलले नाही. विषय माझा, पुणे माझे, आणि तरीही त्या दीडशे गावांबद्दल मी गेल्या कित्येक वर्षांत वर्गात अवाक्षर काढले नव्हते. मी श्रॅमच शिकवत होते. १९५६ चा हा प्रयोग माझ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातल्या एका पुस्तकात दोन ओळींत होता आणि त्या दोन ओळींतच राहून गेला. या माणसाने तो अहवाल मिळवून वाचला होता, त्यातली काही गावे फिरला होता, आणि तिथल्या म्हाताऱ्यांना त्या बैठका आठवतात का ते विचारले होते. बहुतेकांना आठवत नव्हत्या, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. ९१ गुणांवरचा माझा संशय तिथल्या तिथे विरघळला. तक्ता जे मोजतो ते कधी कधी खरेही असते, हे मान्य करायला माझ्यासारख्या डेस्कवरून आलेल्या माणसाला अंमळ वेळ लागतो.

अकरावी उमेदवार एक बाई होत्या. चाळिशीच्या आसपास. अकरा वर्षे एका दैनिकात, आधी तालुक्याच्या बातमीदार, मग जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर. नंतर घरच्या कारणाने नोकरी सोडून दोन वर्षे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर. पदवीचे १३, पदव्युत्तरचे २०, सेटचे ३, अध्यापनाचे ४, एकूण ४०. ती अध्यापनाची दोन वर्षे तरी धरायची की नाही, यावर छाननीत बराच काथ्याकूट झाला होता, असे विभागप्रमुखांनी मला चहाच्या वेळी सांगितले. पीएचडी नव्हती. २०१८ च्या नियमाने विद्यापीठातल्या या पदाला पीएचडी सक्तीची केली होती, ती सक्ती आधी २०२१ पासून लागू व्हायची होती, मग २०२३ वर गेली, आणि २०२३ च्या जुलैत रद्दच झाली. म्हणजे बाई त्या खुर्चीपर्यंत पोहोचल्या त्या ही सक्ती रद्द झाल्यामुळे. उद्योगातल्या अनुभवी माणसांसाठी आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही सोय काढली आहे, पण तिला किमान पंधरा वर्षांचा अनुभव लागतो, ती मंजूर पदांच्या बाहेरची असते आणि तीन वर्षांत, फार तर चार वर्षांत, संपते. अकरा वर्षांवाल्याने कुठे जायचे, याचे उत्तर दोन्हीकडे नाही.

त्यांचा पाठ बरा झाला, इतकेच म्हणता येईल. आवाज पहिल्या मिनिटाला कापत होता. श्रॅम यांचे नाव घेताना त्या किंचित अडखळल्या. उदाहरणे चांगली होती, पण त्यांना धरून ठेवणारा दोरा सैल होता. समितीतल्या एका सदस्यांनी संशोधन पद्धतीवर दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही उत्तरे निसटली.

मी त्या दिवशी एक गोष्ट घेऊन गेले होते. उमेदवाराची शिकवण्याची क्षमता मुलाखतीत पाठ घ्यायला लावून किंवा चर्चेतून पाहावी, असे नियमावलीतच म्हटले आहे. तेव्हा पाठाच्या जोडीला आणखी पाच मिनिटे एक छोटे काम देऊ का, असे मी सकाळीच अध्यक्षांना विचारले होते आणि त्यांनी ‘सर्वांना सारखंच द्या’ एवढ्या अटीवर होकार दिला होता. ते काम म्हणजे माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेली बातमी, नाव काढून टाकून अकरा प्रती केलेली, आणि एक लाल पेन. ‘ही तुमच्या विद्यार्थ्याची कॉपी आहे असे समजा आणि तपासून द्या.’ बातमी एका गावातल्या पाणीपुरवठा योजनेच्या उद्घाटनाची होती. पहिल्या चार परिच्छेदांत कोणाच्या हस्ते, कोणाच्या अध्यक्षतेखाली, कोणाच्या प्रमुख उपस्थितीत, सूत्रसंचालन कोणी केले आणि आभार कोणी मानले. पाचव्या परिच्छेदात, शेवटच्या दोन ओळींत, लिहिले होते की योजनेच्या पंपाला अद्याप वीजजोडणी मिळालेली नाही आणि त्यामुळे पाणी सुरू होण्यास विलंब लागण्याची शक्यता आहे.

बहुतेकांनी शुद्धलेखन सुधारले. एकाने ‘उद्घाटन’ या शब्दाचे तीन वेगवेगळे अवतार दुरुस्त केले आणि खाली ‘छान प्रयत्न’ असे लिहिले. ९१ गुणांच्या गृहस्थांनी ऱ्हस्व-दीर्घ अचूक तपासले, दोन लांब वाक्ये तोडली, आणि समासात विकासाच्या बातम्यांमधल्या सत्ताकेंद्री मांडणीवर एक विचार करण्याजोगे टिपण लिहिले. परिच्छेद मात्र जिथल्या तिथे राहिले.

त्या बाईंनी कागद हातात घेतल्यावर त्यांचा कापरा आवाज जणू दाराबाहेर गेला. त्यांनी आधी बातमी शेवटपासून वाचली. हा डेस्कवरचा जुना रिवाज, कारण नवख्या बातमीदाराची बातमी तळाशीच सापडते. मग पाचव्या परिच्छेदाभोवती गोल केला आणि तिथून एक बाण थेट मथळ्याखाली नेला. पहिल्या चार परिच्छेदांवर एकच तिरकी रेघ. समासात, बारीक पण स्वच्छ अक्षरात, चार ओळी लिहिल्या: ‘जोडणीसाठी अर्ज कधी केला? वीज कंपनीला विचारलेस का? गाव आज पाणी कुठून आणते? मग उद्घाटन कशाचे झाले?’ आणि त्याखाली आणखी एक ओळ, जी बाकी कोणालाही सुचली नव्हती: ‘शेवटची दोन वाक्ये तुझी चांगली आहेत, तिथूनच सुरू कर.’ शुद्धलेखनाची एकही चूक त्यांनी दुरुस्त केली नव्हती. विचारल्यावर म्हणाल्या, ‘ती पुन्हा लिहिल्यावर बघू. आत्ता केली तर त्याला वाटेल, तेवढंच चुकलंय.’

शिकवणे म्हणजे काय, याच्या मी ऐकलेल्या व्याख्यांमध्ये ही बरीच वरची आहे. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास वर्गात शिकवावे, असे नियम सांगतो. पण माध्यमांचा विद्यार्थी खरा घडतो तो त्या सोळा तासांच्या बाहेर, त्याच्या कॉपीवर कोणीतरी वाकून बसते तेव्हा. हे काम कोणत्याही तक्त्यात येत नाही, आणि ते मराठीत करायचे असेल तर आणखीच अदृश्य होते. नेटमधली आमच्या विषयाची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठी बातमी तपासायला बसवायचा माणूस, मराठीत एक ओळही न लिहिता पात्र ठरू शकतो, आणि वर्षानुवर्षे ठरतो आहे. याबद्दल मी बैठकांत बोलले आहे. इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ असे येते.

संध्याकाळी साडेसहाला आम्ही निर्णयाला बसलो. उरलेल्या नऊ जणांचा विषय दहा मिनिटांत संपला. मग विभागप्रमुखांनी आपली अडचण सांगितली, आणि ती खरी होती. विभागात संशोधनाचे मार्गदर्शक उरले होते दोन. त्यातले एक पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. पीएचडी असलेला सहायक प्राध्यापक चार विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करू शकतो. पीएचडी नसलेला एकालाही नाही. ‘बाई चांगल्या आहेत हो,’ ते म्हणाले, ‘पण त्यांना घेतलं तर माझं संशोधन केंद्र बंद पडतं.’ दुसऱ्या एका तज्ज्ञांचे म्हणणे होते की बातमी तपासायला बाहेरून कोणालाही तासिकेवर बोलावता येते. त्यावर मी जरा तिखट बोलले. गेली तीस वर्षे आपण तेच करतो आहोत, आणि म्हणून ते काम तासिकेच्या लायकीचे आहे असे आपल्यालाच वाटू लागले आहे, अशा अर्थाचे काहीतरी. अध्यक्षांनी शांतपणे घड्याळाकडे पाहिले.

जागा दोन असत्या तर निर्णय पाच मिनिटांत झाला असता. एकाने दीडशे गावांबद्दल सांगावे आणि दुसरीने विद्यार्थ्याला एकशे एक्कावन्नाव्या गावात पाठवून त्याची कॉपी तपासावी, असा विभाग मला कधी पाहायला मिळाला नाही. जागा एक होती. मी पहिला क्रमांक ९१ गुणांच्या गृहस्थांना दिला. त्यांचा पाठ उत्तम होता, विभागप्रमुखांची अडचण खरी होती, आणि उद्या कोणी न्यायालयात गेले तर ९१ आणि ४० यांच्यातल्या अंतराचे स्पष्टीकरण लाल पेनाने देता आले नसते. ही तिन्ही कारणे खरी आहेत. तिसरे कारण मी तिथे बोलून दाखवले नाही, इतरांनीही नाही. बाईंचे नाव प्रतीक्षा यादीत पहिले गेले. सह्या झाल्या, पाकिटे बंद झाली, प्रवासभत्त्याचा अर्ज भरून घेण्यात आला. दालनाबाहेर पडताना मला तो पाण्याचा पेला दिसला. झाकण तसेच होते.

बाकीच्या प्रती समितीच्या कागदपत्रांत गेल्या. बाईंनी तपासलेली प्रत मात्र मी अध्यक्षांना विचारून, तिची छायाप्रत तिथे ठेवून, सोबत आणली होती. दोन दिवसांनी ती मी ज्याची बातमी होती त्या मुलाला दिली. तो कोल्हापूरकडचा, शेतकरी घरातला, वर्गात फारसा न बोलणारा. त्याने कागद उभ्याउभ्याच वाचला, मग बाकावर बसून पुन्हा वाचला.

‘मॅडम, हे अक्षर तुमचं नाही.’

‘नाही.’

‘मी उद्घाटनाची म्हणून बातमी लिहिली होती,’ तो म्हणाला, ‘कारण तिथं सगळे उद्घाटनाचंच बोलत होते.’ मग बाणावरून बोट फिरवत त्याने विचारले, ‘ह्या मॅडम आपल्याकडे शिकवायला येणार आहेत का?’

निवड समितीचे कामकाज गोपनीय असते. मी त्याला म्हटले, ‘तू आधी वीज कंपनीत फोन लाव. पाच वाजले की तिथे कोणी उचलत नाही.’